पंधरा किलो

यादी धैर्यशीलनं पाठवली, कोचीनहून, मोबाइलवर.
सराफ मंडळींची सहल, बोटीवर चार रात्री.
माणशी एक बॅग, पंधरा किलो.
खाली ठळक अक्षरात : पिण्याचं पाणी आणू नये.

ते मी दोनदा वाचलं.
टेंभूचं पाणी यायच्या आधीची मी लेंगऱ्याची सून,
वऱ्हाडात, दवाखान्यात, एस.टी.त, कुठंही
बाटली विसरले तर अनवाणी निघाल्यागत वाटतं.

बरं, काढली बाटली.
तिच्या जागी कडक भाकऱ्यांचं फडकं बसलं,
शेंगदाण्याच्या चटणीचा डबा,
आणि डब्याला गुंडाळून ह्यांचे पायमोजे.
कुणाच्या वासानं कुणाचा वास झाकायचा, कोण जाणे.

ह्यांचे बूट थोरलीच्या लग्नातले,
खोक्यात तसेच, आत मल्याळी पेपरचे बोळे.
तीस वर्षं तिकडं भट्टीपुढं बसले,
सोनं गाळलं, तेजाबानं बोटं पिवळी करून घेतली.
समुद्र दुकानापासून दीड किलोमीटर.
दोनदा बघितला :
एकदा मला दाखवायला,
एकदा भाऊंची राख सोडायला.

यादीत पुढं :
पोहायचा पोशाख (ऐच्छिक). देव पावला.
टोपी. ह्यांची आहेच, गांधी.
उन्हाचं मलम, ओकारीच्या गोळ्या, आधार कार्ड.
मग ते एक :
तिसऱ्या रात्री सगळ्यांनी पांढरं घालायचं.

ह्यांचं काय, जन्मच पांढऱ्यात गेला,
सदरा घातला की झालं.
माझ्या कपाटात पांढरं म्हणून
दोन परकर आणि उशीचे अभ्रे.
विट्याला गेले. दुकानदार गठ्ठ्याकडं हात नेत म्हणाला,
कुणासाठी हवंय, वहिनी? आवाज जरा खाली घेऊन.
मी टॉवेल घेऊन परत आले.

संध्याकाळी मालनक्का गल्ली ओलांडून आल्या,
थोरल्या जाऊबाई, काखेत पिशवी.
आत साडी, पांढरी, बोटभर हिरवा काठ,
घडीत डांबराच्या गोळीचा वास.
एकतिसाव्या वर्षापासून त्यांच्या ट्रंकेत असल्याच.
म्हणाल्या, ने.
मी म्हटलं, अक्का, कसं नेसू?
हसल्या. म्हणाल्या,
मी नेसते ती गावानं ठरवली म्हणून.
तू नेस बोटवाल्यानं ठरवली म्हणून.
साडीला काय कळतंय!

मग तानाजीच्या वखारीतला कांद्याचा काटा आला.
तुळईला अडकवला, त्याला बॅग टांगली.
जन्मभर मिलिग्रॅम मोजलेला माणूस
चष्मा कपाळावर सारून वाकला,
श्वास धरून, तसाच, जसा गुंज-गुंज मोजताना धरायचे :
पंधरा किलो सहाशे.

काय काढायचं?
भाकरीवर माझा हात, चटणीवर ह्यांचा.
शेवटी बूट काढले.
म्हणाले, चपलांवर उतरवत नसतील तर बोटीतच बसतो.
काटा वर सरकला. चौदा सहाशे.
साडीकडं कुणी बघितलं नाही.

रात्री मी मालनक्कांच्या घरी गेले.
रांजणातनं तांब्या बुडवला,
औषधाची एक रिकामी बाटली भरली, बूच घट्ट लावलं.
त्या लसूण सोलत होत्या.
कुणासाठी, विचारलं नाही.
यादीत लिहिलंय पिण्याचं आणू नये.
हे पिण्याचं नव्हे.
विचारलं तर तसंच सांगणार,
मराठीत सांगणार, समजलं तर समजलं.

बाटली साडीच्या घडीत ठेवली.
आता बॅगेची चेन अर्ध्यावर अडकलीय.
हे ओढतात, मी वर बसते, चाकं पळतात,
दोघंही हसतोय नवीन लग्न झाल्यागत.
मालनक्का दारातनं म्हणाल्या,
थांबा, साबण घासला की सरकती.
आणि साबण आणायला गेल्या,
त्या बराच वेळ आल्याच नाहीत.